पाण्याची रेघ पॉलिशने उगवत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून सहा इंची सुरी घडवली, पाठीवर फायर क्लेचा लेप दिला, लालबुंद करून जळक्या ऑइलमध्ये बुडवली, २००० नंबरच्या पेपरपर्यंत हाताने घासली आणि पाच मिनिटं फेरिक क्लोराईडमध्ये ठेवली. सुरी सगळीकडे सारखीच काळी झाली. जपानी तलवारीवर दिसते ती पांढुरकी नागमोडी रेघ कुठेच नाही. पुढे कटाना, म्हणजे तसली जपानी तलवार, करायची इच्छा आहे. आणि शेवटी विचारता, "पॉलिशचा कुठला टप्पा राहून गेला?"

कुठलाच नाही. फोटोवरून तर तुमचं पॉलिश माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या कामापेक्षा चांगलं दिसतंय. अडचण अशी की तुम्ही शोधताय ती रेघ पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करताना, पहिल्या एक-दोन सेकंदांत पडते किंवा पडत नाही. पडली असेल तर पॉलिश ती दाखवतं. पडली नसेल तर पाच हजाराच्या पेपरने घासा नाहीतर हिऱ्याच्या पेस्टने, आत जे नाही ते वर कुठून येणार? तेव्हा तुमचा प्रश्न मी असा वाचतो: माझ्या पात्यात रेघ आहे की नाही हे कसं कळेल, आणि नसेल तर ती का पडली नाही?

पहिल्या भागाला दोन मिनिटं लागतात. एक चांगली, धारदार कानस घ्या. धारेजवळ हलकेच ओढा. ती काचेवरून सरकल्यासारखी नुसती घसरली तर धार कडक आहे. आता तीच कानस पाठीवर, जिथे लेप होता तिथे ओढा. इथे तिने कुरकुर करत लोखंड पकडलं पाहिजे, थोडा कीस पडला पाहिजे. धारेवर घसरते आणि पाठीवर चावते, मग मधे कुठेतरी सीमा आहे, म्हणजे रेघ आहे. दोन्हीकडे घसरते, तर अख्खं पातं कडक झालंय. दोन्हीकडे चावते, तर काहीच कडक झालेलं नाही. फक्त वरची काळी पापुद्र्यासारखी साल आधी काढा, नाहीतर कानस त्या सालीवरच फसवते. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे घसरेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण तुम्ही निवडलेल्या लोखंडात आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीतून आलेला 'टेम्पर लाइन' हा शब्द फसवा आहे. टेम्परिंग म्हणजे कडक झालेलं पातं नंतर दोनशेएक अंशांवर भाजून त्याचा ठिसूळपणा उतरवणं. ही रेघ तिथे तयार होत नाही, त्याआधी पाणी देताना होते. जपानीत तिला हामोन म्हणतात. आपल्या लोहारांचा शब्द या बाबतीत सरळ आहे: धारेला पाणी देणं, पाणी पाजणं. ज्या काकांच्या भट्टीवर मी घण मारायला शिकलो, ते कोयत्याची फक्त धार दोन बोटं पाण्यात धरायचे, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने खसाखसा घासायचे आणि बघत बसायचे. पाठीतली उरलेली धग हळूहळू धारेकडे उतरते. चकचकीत झालेल्या भागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत येतो. पिवळ्याचा तपकिरी व्हायच्या बेतात आला की कोयता अख्खा पाण्यात. पाणी देणं आणि टेम्परिंग एकाच तापावर, थर्मामीटरशिवाय. पुढे हामोनच्या नादाला लागल्यावर मी त्यांचा एक जुना विळा मागून घेतला, घासला आणि लिंबाच्या रसात ठेवला. धारेपासून बोटभर वर एक सरळ, धुरकट रेघ उमटली. मी ती मोठ्या कौतुकाने दाखवायला नेली. काका म्हणाले, "ती असतेच. त्यात बघायचं काय?"

तर रेघ म्हणजे काय, ते बघू. पोलाद ७२७ अंशांच्या वर नेलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळायला लागतो. त्या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश थंड केलं तर कार्बन वेगळा होऊन पदरापदराचं नरम पर्लाइट बनतं. झटकन थंड केलं तर कार्बनला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही, तो अडकून पडतो आणि मार्टेन्साइट बनतं, काचेसारखं कडक. लेप न दिलेली धार झटकन थंड होते, लेपाखालची पाठ रेंगाळते. एका पात्यात दोन प्रकारचं पोलाद तयार होतं आणि दोघांची जिथे गाठ पडते तिथे रेघ.

यात 'झटकन' म्हणजे किती, यावर सगळं अडतं. पर्लाइट बनायची सगळ्यात घाई साधारण ५४० अंशांच्या आसपास असते. १०९५ सारख्या साध्या कार्बन पोलादाला ८०० वरून तिथून खाली निसटायला एक सेकंदसुद्धा मिळत नाही. उघड्या धारेला ही मुदत कशीबशी गाठता येते, लेपाखालच्या पाठीची हुकते. ती हुकावी हेच आपल्याला हवं असतं. आता पोलादात मँगनीज किंवा क्रोमियम वाढवलं की ही मुदत लांबते. मग लेपाखालची पाठ रमतगमत आली तरी वेळेत पोहोचते आणि तीही कडक होते. सगळं मार्टेन्साइट, मग सीमा कसली?

ट्रकचे पाटे साधारण सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमवाल्या स्प्रिंग पोलादाचे असतात. ईएन ४५, ईएन ४७, एसयूपी ९ ही नावं ऐकली असतील. जाड पाटा पार गाभ्यापर्यंत एकसारखा कडक व्हावा म्हणूनच ते घटक त्यात घातलेले असतात. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते होऊ नये याची पुरती व्यवस्था कारखान्याने आधीच करून ठेवली आहे. आकड्यांत सांगायचं तर १०९५ मध्ये मँगनीज ०.३० ते ०.५० टक्के असतं आणि क्रोमियम मुद्दाम घातलेलं नसतं. ५१६० या स्प्रिंग पोलादात मँगनीज ०.७५ ते १ टक्का आणि वर क्रोमियम ०.७० ते ०.९०. जपानी तलवारीचं पोलाद, तामाहागाने, लोहवाळू आणि लोणारी कोळसा यांतून काढतात, त्यात मँगनीज जवळपास नसतंच. हामोन तिथे जन्माला आली आणि फुलली, यात कारागिरांचं कसब तर आहेच, पण त्या पोलादाचा उतावळा स्वभावही आहे.

मग काय घ्यायचं? मी लोखंड विकत घेताना जातीचं नाव कमी आणि टेस्ट सर्टिफिकेट जास्त बघतो. कार्बन ०.७ ते १ टक्का, मँगनीज शक्यतो अर्ध्या टक्क्याच्या आत, क्रोमियम नावापुरतं. १०९५, डब्ल्यू १, डब्ल्यू २, जपानी शिरोगामी ही मंडळी यात साधारण बसतात. १०७५ आणि १०८४ वरही रेघ येते, पण मँगनीज जितकं चढेल तितकी ती सरळ आणि मुकी होत जाते. बेअरिंगचं पोलाद (ईएन ३१) दीड टक्का क्रोमियमचं, ते या कामाला नको. जुन्या कानशी हे गरिबाचं डब्ल्यू १, पण सगळ्याच नव्हे. स्वस्तातल्या काही कानशी वरून कडक आणि आतून नरम असतात. भंगारातलं काहीही घेणार असाल तर आधी तुकडा तपासा. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे स्पेक्ट्रो (पोलादात कुठला घटक किती ते मोजणारी चाचणी) करून देणाऱ्या लॅब आहेत, तुमच्या जवळच्या एमआयडीसीतही विचारा. ठिणग्या बघून पोलाद ओळखणारे लोक मला भेटलेत. कार्बन कमी की जास्त एवढं ते बरोबर सांगतात, पण ०.४ टक्के मँगनीज की ०.८, हे ठिणगी सांगत नाही.

हे सगळं वाचून एकच ठरलेली कृती असेल असं वाटू देऊ नका. पात्याची जाडी, तेलाचा वेग, भट्टी कोळशाची की गॅसची, लेपाची माती, या प्रत्येकाने आकडे हलतात. माझ्या पाच मिलिमीटर पाठीच्या पात्याला जे जमतं ते तुमच्या दोन मिलिमीटरच्या स्वयंपाकाच्या सुरीला जमेलच असं नाही, कारण पातळ पाठीत धगच कमी, ती लेपाखालीही लवकर निवते. म्हणून नव्या पोलादाच्या आधी बोटाएवढ्या चार पट्ट्या कापतो. त्या मोडायच्या, बिघडवायच्या, जाळायच्या. सुरीवर प्रयोग करू नये, ती सुरी असते.

आता ताप. नवशिक्यांच्या रेघा जास्त करून इथे हरवतात. जास्त तापवलं की पोलादाचा दाणा, म्हणजे आतले स्फटिक, मोठा होतो, आणि दाणा मोठा झाला की पोलाद आणखी सहज आतपर्यंत कडक होतं. रेघ पाठीकडे सरकत सरकत नाहीशी होते. 'लालबुंद' हा शब्द मला म्हणूनच धडकी भरवतो. उन्हात बघितलेला लाल आणि अंधारात बघितलेला लाल यांत शंभर अंशांचा फरक सहज पडू शकतो. साधारण ७७० अंशांपर्यंत पोहोचलं की पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, ही एक खूण. १०९५ ला साधारण ८०० लागतात, म्हणजे चुंबक सोडल्यावर जेमतेम एक छटा वर. दुसरी खूण घरातली आहे: खाण्याचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. त्याच जाडीचा एक भंगार तुकडा पात्याशेजारी भट्टीत ठेवा, वर चिमूटभर मीठ टाका. खडे बसून त्यांचं पाणी झालं की तुम्ही पोहोचलात. मीठ पात्यावर टाकू नका, गंज धरेल.

पण माझी आवडती खूण तिसरी. संध्याकाळी, शेडमधला दिवा बंद करून, लेप नसलेली पट्टी तापवा आणि एकटक बघा. एका टप्प्यावर पट्टीत काळसर सावल्या दिसतात, ढगाची सावली शेतावरून सरकावी तशा. पोलाद आतून बदलताना धग पिऊन घेतं, तेवढ्यापुरता तो भाग मागे पडतो. सावल्या कडेकडून मधे येतात, आक्रसतात आणि विरतात. शेवटची सावली गेली आणि रंग सपाट झाला की अजून थोडा दम धरायचा, बस. एकदा हे पाहिलंत की 'किती लाल' हा प्रश्न परत कुणाला विचारणार नाही.

पाणी देण्याआधी घडाईचा ताण आणि वाढलेला दाणा काढायला तीन वेळा तापवून हवेत निववायचं, दर वेळी थोडं कमी तापवून. मी साधारण ८७०, ८२० आणि ७७० च्या आसपास जातो. मग एक पट्टी पाणी देऊन, टेम्पर न करता, पान्यात धरून मोडा. मोडलेली कड चिनी मातीच्या फुटक्या कपासारखी, मखमली राखाडी दिसली तर दाणा बारीक. साखरेसारखी चमचमली तर जास्त तापलं. बारीक दाण्याचा दुहेरी फायदा आहे: पातं चिवट होतं, आणि पाठ कडक व्हायला नाखूश राहते, म्हणजे रेघेला मदतच.

लेपाबद्दल लोक फार गूढ बोलतात. माझा लेप म्हणजे दोन भाग फायर क्ले, एक भाग लोणारी कोळशाची वस्त्रगाळ पूड, एक भाग बारीक वीटपूड, आणि धरून राहायला किंचित सोडियम सिलिकेट. पातं आधी भांडी घासायच्या साबणाने धुवायचं, मग बोट लावायचं नाही. तेलकट जागी लेप सुटतोच. पाठीवर तीन मिलिमीटरच्या आसपास थर पुरतो. त्याहून जाड लावला की सुकताना तडकतो आणि तेलात निम्मा गळून पडतो. धारेकडच्या उघड्या भागावर ताकासारखा पातळ हात फिरवला तर उलट फायदा होतो: खरखरीत पृष्ठभागावर वाफेची गादी टिकत नाही आणि धार जास्त लवकर निवते. लेपाच्या कडेपासून धारेकडे मातीच्या बारीक काड्यांसारख्या रेषा ओढल्या तर हामोनमधून धारेकडे उतरणारे पाय दिसतात. जपानी त्यांना आशी, म्हणजे पायच म्हणतात. दिसायला सुंदर, पण मूळ उपयोग हा की धारेला टवका उडालाच तर तो नरम पायाशी अडावा. लेप पुरता वाळू द्या. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन खपली उडते. मी वर बांधकामाची बारीक तार दोन-तीन वेढे गुंडाळतो. आणि रेघ लेपाच्या कडेवर नेमकी पडेल ही अपेक्षा सोडा. माती सुचवते, पोलाद आणि तेल ठरवतात.

जळकं ऑइल मात्र आजच बंद करा. एक तर ते संथ आहे, १०९५ ची मुदत त्यात गाठताच येत नाही. दुसरं, त्याचा धूर विषारी असतो. झटपट निववणारं खास क्वेंचिंग ऑइल मिळालं तर उत्तम. नाही तर सोयाबीन किंवा सरकीचं तेल ५०-६० अंशांपर्यंत गरम करून वापरा. गरम तेल पातळ होतं, पात्याला लवकर भिडतं. पातळ धारेला ते पुरतं. पत्र्याचं खोल भांडं, शेजारी बसणारं झाकण, पायात बूट. तेल पेटतं, आणि पेटल्यावर माणूस पहिल्यांदा करतो ती चूक म्हणजे पातं अर्धवट बाहेर काढणं. अख्खं पातं तेलाखाली ठेवा, झाकण हाताशी ठेवा. पाणी जवळपाससुद्धा नको.

आणि खरं पाणी? सगळ्यात नाट्यमय हामोन पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात येते, हे खरं. दहा लिटरला किलोभर मीठ, हाताला कोमट. पात्याला कमान येते तीही इथेच. मार्टेन्साइट जास्त जागा व्यापतं, धार लांब होते आणि पातं पाठीकडे वाकतं. पाण्यात जाताच आधी ते धारेकडे झुकतं, मग उलट फिरून वर येतं. हातातल्या सांडशीतून ते जाणवतं, एखादा मासा वळल्यासारखं. तेलात हा दुसरा झोका बऱ्याचदा अपुरा राहतो, म्हणून तेलातली पाती खाली मान घालून बाहेर येतात. कटानाची कमान घडून आणत नाहीत, ती मुख्यतः पाण्यातून येते.

पण पाणी दक्षिणा घेतं. माझी पहिली तीन पाती पाण्यात गेली. तिसऱ्याचं दुःख अजून आहे. तीन आठवड्यांचं काम, लेप सुरेख, ताप बरोबर. पात्याला पाण्यात घातलं, मनात तीन मोजले, आणि बाहेर काढताना आवाज आला: टिक्. कढईत मोहरी तडतडते त्याहून हलका. बाहेर काही दिसेना. पॉलिश करताना धारेपासून वर चढणारी केसाएवढी चंद्रकोर दिसली. भिंगातून बघितल्यावर कळलं की ती ग्राइंडरच्या ६० नंबरी आडव्या ओरखड्यातूनच सुरू झाली होती. तेव्हापासून पाण्याआधी धार दोन मिलिमीटर जाड ठेवतो, कडा गोल करतो, सगळे ओरखडे लांबीच्या दिशेने २२० पर्यंत काढतो, आणि मिठाच्या पाण्यात दोन-तीन सेकंद धरून उरलेला प्रवास तेलात करतो. तरीही अधूनमधून टिक् ऐकू येतंच. पहिली पाच-सहा पाती तुम्ही तेलातच करा.

पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते 'उद्या बघू' म्हणून ठेवू नका. हाताला सोसवेल इतकं निवलं की लगेच २०० अंशांवर दोन तास, निवू द्या, परत दोन तास. घरच्या ओव्हनची चकती खोटं बोलते, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. पुढे ग्राइंडरवर धार उतरवताना हातमोजे घालू नका, पातं बोटाला चटका देईल तेव्हा पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, ते पॉलिशने परत येत नाही.

इथवर आल्यावर मग पॉलिश. साल आणि तिच्याखालचा कार्बन जळालेला पातळ थर आधी काढून टाका, नाहीतर चांगली रेघही त्याच्याखाली झाकलेली राहते. मग ४०० नंबरच्या पेपरवर थांबा. पातं साबणाने धुवा आणि पातळ केलेल्या फेरिक क्लोराईडमध्ये दहा सेकंद बुडवा. रेघ असेल तर एवढ्यातच धुरकट सावलीसारखी दिसते. ४०० वर जी अजिबात दिसत नाही ती २००० वर दिसणार नाही. तुम्ही एवढं केलं असतंत तर किमान दोन रविवार वाचले असते. त्या टप्प्यावर रेघ नसेल तर परत तापवून, तिन्ही वेळा निववून, पुन्हा पाणी देता येतं.

रेघ असेल तर पुढचं काम चिकाटीचं आहे, अवघड नाही. पेपरखाली कडक, सपाट ठोकळा हवा. बोटाने घासलं की कडक धार आणि नरम पाठ वेगवेगळी झिजते आणि पृष्ठभाग लाटांचा होतो. ६००, ८००, १०००, १५००, २०००, दर नंबरला दिशा थोडी बदलत, मागच्या नंबरचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत. शेवटचे हात फक्त लांबीने, एका दिशेने, दर थोड्या हातांनी पेपर बदलून. सहा इंची पात्याला मला आठ-दहा तास लागतात. कापडी चाकाच्या बफिंगला मात्र हात लावू नका. त्याने आरसा येतो, पण सूक्ष्म पोत सारवल्यासारखा होतो आणि रेघ मरते.

फेरिक क्लोराईड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळतं तेच. मी बाटलीतल्या द्रावणाला दहा पट पाणी घालतो. तुम्ही पाच मिनिटं ठेवलंत, म्हणून काळ्या ऑक्साइडचा थर चढला, त्याखाली रेघ असती तरी दिसली नसती. पंधरा-वीस सेकंद, बाहेर, खूप पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग कापसावर ब्रासो किंवा तेलात कालवलेली बारीक सिलिकॉन कार्बाइडची पूड घेऊन काळपट थर हलक्या हाताने उतरवायचा. पुन्हा बुडवायचं, पुन्हा उतरवायचं. चार-सहा फेऱ्यांत रेघेला खोली येते. एकाच पिवळ्या बल्बखाली पातं तिरकं करून बघत राहा. एका कोनात जी बाजू उजळ असते ती दुसऱ्या कोनात काळवंडते. ज्यांना फेरिक नको त्यांनी कोमट व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वापरावा. वेळ जास्त लागतो, पण दिसणं मऊ येतं. फेरिक प्लास्टिक किंवा काचेच्या भांड्यात ठेवा, हातमोजे-चष्मा घाला, आणि बेसिनमध्ये ओतू नका.

जपानमध्ये हे काम लोहार करतच नाही. तोगिशी हा वेगळा कारागीर. तो आम्ल वापरत नाही. भरड दगडापासून सुरुवात करून उचिगुमोरीसारख्या नैसर्गिक दगडांपर्यंत येतो, आणि शेवटी त्याच दगडाच्या नखाएवढ्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून पातं घासतो. मग लोखंडाच्या ऑक्साइडची पूड तेलात कालवून पात्याच्या वरच्या भागाला काळसर झाक आणायची आणि धारेकडचा भाग दगडाने पांढरा करायचा. या पांढरं करण्याला हादोरी म्हणतात. म्हणजे फोटोंत जी ठळक पांढरी नागमोड तुम्हाला भुरळ घालते तिच्यात काही वाटा पॉलिशवाल्याच्या हाताचा असतो. खरी हामोन बघायची तर दिव्याखाली पातं हलवावं लागतं. तेव्हा सीमेवर निओई, म्हणजे धुक्यासारखा पट्टा, आणि कुठे कुठे निए, म्हणजे सुटे चमकणारे कण दिसतात. तुमची पहिली रेघ फोटोसारखी नसेल, त्यात तुमची चूक नसेल.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो, कारण तुम्ही कटानाच्या जाहिराती बघत असणार. स्वस्त तलवारींवरची नागमोड बऱ्याचदा तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने वरवर काढलेली असते. ओळखायला सोपी आहे: एक कोपरा ८०० च्या पेपरने घासा आणि परत फेरिकमध्ये बुडवा. खोटी ती पाण्यावरची रेघ, गेली ती गेली. खरी ती काळ्या दगडावरची, घासाल तितक्या वेळा परत येते. आणि कटाना करण्याआधी कायदा वाचा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरगुती वा शेतीच्या कामाचं नसेल तर आपल्याकडे परवान्याचा प्रश्न येतो.

राहिली तुमची आत्ताची सुरी. तिच्यावर लेपाची हामोन येणार नाही, त्याचा नाद सोडा. रेघ हवीच असेल तर काकांची पद्धत वापरा: तापवून फक्त धार बोटभर तेलात धरा, पाठ लाली सोडेपर्यंत थांबा, मग अख्खी बुडवा. सरळ, धुरकट रेघ मिळेल. पण मला विचाराल तर तेवढंही करू नका. पाट्याचं पोलाद चिवट असतं, म्हणून तर निम्म्या महाराष्ट्राचे कोयते त्याचे आहेत. तुम्ही टेम्परिंगचा उल्लेख कुठेच केलेला नाही. ते राहिलं असेल तर आज रात्रीच दोनशे अंशांवर दोनदा दोन-दोन तास करून घ्या, कारण तसंच राहिलं तर हातातून फरशीवर पडताच तिचे दोन तुकडे होतील. मग ब्रासोने काळं उतरवा, मूठ बसवा आणि पहिल्यांदा कैरी चिरा. आंबटाने थोड्याच वेळात पात्यावर निळसर करडे डाग येतील. ते घासू नका, कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. नव्या पोलादाच्या चार पट्ट्या कापल्यात की मोडलेल्या कडेचा फोटो जवळून, खिडकीच्या उजेडात काढून दाखवा. दाणा बघून ताप किती कमी करायचा ते सांगतो.